रोजचं वीस किलो उष्टं

माझ्या दोन्ही पाखरांनो,

हे पत्र तुमची आई तुम्हांला वाचून दाखवेल. तिने एकही ओळ गाळू नये, असं मी तिला आधीच बजावून ठेवलं आहे.

गेल्या रविवारी तुमच्यातल्या मोठीने फोनवर माझ्याकडे दोन गोष्टी मागितल्या. पहिली म्हणजे आपल्या पनवेलच्या घरातल्या भिंतीवरचा तो फोटो, ज्यात मी हातात ढाल धरून उभी आहे. दुसरी म्हणजे एक पानभर माहिती. तुझ्या शाळेत डब्यातल्या उरलेल्या अन्नाचं खत करणार आहेत, आणि आजीच्या शाळेत ते केलं तेव्हा खर्च किती आला, हे तुला वर्गात सांगायचं आहे. मी दुसऱ्याच दिवशी दीड पान लिहून काढलं. भुसा, वीज, पावडर, मजुरी, सगळं नीट ओळीने. वाचून पाहिलं आणि फाडून टाकलं. त्यात चुकीचं काही नव्हतं, पण ते वाचून कुणालाही वाटलं असतं की आम्ही एक चांगलं काम केलं आणि त्याबद्दल आम्हांला ढाल मिळाली.

आणि धाकट्या, तुझा जन्म झाला तेव्हा आजीची पाठ धरली होती म्हणून ती येऊ शकली नाही, असं तुला सगळ्यांनी सांगितलं आहे. माझी पाठ तेव्हा ठणठणीत होती. मी का आले नाही, तेही या फोटोतच आहे. मोठीने तो फोटो वहीत चिकटवण्याआधी हे तुम्ही ऐकावं, म्हणून आता लिहिते आहे.

क्रमाने सांगते.

दोन हजार अकरा-बाराच्या सुमाराची गोष्ट. जुन्या पनवेलमधल्या एका मराठी शाळेत मी मुख्याध्यापिका होते. सातवीपर्यंतची शाळा, तीनशेच्या आसपास मुलं. कुणाचे वडील न्हावा शेव्याच्या रस्त्यावर ट्रेलर चालवायचे, कुणाची आई बाजारात मासळी विकायची, कुणाचे बाबा आखातात. दुपारी सगळ्यांना शाळेत खिचडी मिळायची. ती सरकारी तांदळाची असायची आणि बचत गटातली एक बाई ती रांधायची. मुलं तिला मावशी म्हणायची, म्हणून मीही मावशीच म्हणायची. खाडीकडच्या गावातली होती. तिची धाकटी मुलगी आमच्याच शाळेत सातवीत होती.

मला हजेरीपत्रकं स्वतः तपासायची सवय होती. सहावी-सातवीच्या काही मुली दर महिन्याला तीन-चार दिवस सलग गैरहजर असायच्या. कारण विचारायची गरज नव्हती. शाळेत मुलग्यांसाठी मुतारीची भिंत होती, आणि बायकांसाठी एकच संडास, त्याची किल्ली शिक्षकांच्या खोलीत खिळ्याला. कुठली मुलगी ती किल्ली मागायला येईल? मावशीची मुलगीही त्या दिवसांत घरीच राहायची. मावशी मला म्हणाली होती, "बाई, माजी पोरगी हुशार हाय. पन महिन्यातले चार दिस ती ढ व्हते."

मी संस्थेला तीन अर्ज केले. संस्थेकडे पैसे नव्हते. मग बंदराकडे कंटेनर ठेवणाऱ्या एका कंपनीला शाळांसाठी काहीतरी करायचं आहे, असं कळलं. मी जाऊन भेटले. तिथले साहेब वयाने माझ्या जावयाएवढे असतील. म्हणाले, "मॅडम, शौचालय आमच्या यादीत नाही. खत आहे."

"खताचं मी काय करू?"

"खताबरोबर शौचालय बसवता येईल. अन्न-कचऱ्याचा प्रकल्प, आणि त्याला जोडून स्वच्छता."

अशा रीतीने ते ठरलं. कंपनी विजेवर चालणारा एक ड्रम देणार. त्यात रोजचं उरलंसुरलं अन्न, भुसा आणि एक पावडर टाकायची, ड्रम ते ढवळत राहतो, काही दिवसांनी खत निघतं. हा ड्रम वर्षभर नीट चालला तर मुलींसाठी चार दारांचं शौचालय. पैसे हप्त्याहप्त्याने, पहिला हप्ता सहीबरोबर आणि पुढचे दर तीन महिन्यांनी, अहवाल पाहून. करारनामा इंग्रजीत होता. संस्थेच्या चिटणिसांनी तो माझ्यापुढे सरकवला. "तुम्ही इंग्रजीत शिकलेल्या. तुम्हीच वाचा, तुम्हीच सही करा. फक्त एक ऐका. पितृपंधरवडा चालू आहे. सर्वपित्री होऊन जाऊ द्या."

मी हसले. "उष्ट्याला कसला आलाय पितृपंधरवडा?"

"बरं बाई. आम्ही आपले जुन्या वळणाचे."

करारात लिहिलं होतं की रोज किमान वीस किलो अन्न-कचरा ड्रममध्ये पडला पाहिजे आणि त्या वजनाखाली मुख्याध्यापकांची सही पाहिजे. मी अंदाजाने सही करणारी बाई नव्हे. मी चार दिवस रोज उरलेली खिचडी आणि भाजीची सालं वजनकाट्यावर ठेवली. बावीस, चोवीस, एकवीस, चोवीस. मग निश्चिंतपणे सही केली.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ड्रम आला. पहिल्या दिवशी वजन भरलं सात किलो. दुसऱ्या दिवशी सहा. मला वाटलं काटा बिघडला. मी काटा वाण्याकडे नेऊन तपासून आणला. मावशी माझी ती धावपळ दोन दिवस बघत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बाई, काटा बरा हाय. तुमी मापलंत तवा पितरं व्हती नाय का? रोज कुनाच्या तरी घरी पान मांडलेलं. पोरं वडे-खीर खाऊन यायची. आता पोटात आग घेऊन येतात, टोप चाटून पुसून ठेवतात."

तीनशे घरांतल्या श्राद्धांचं उष्टं मोजून मी वर्षाचा करार केला होता. चिटणिसांना हे मी कधीच सांगितलं नाही.

आता खर्चाचं सांगते, कारण मोठीने तेच विचारलं आहे. ड्रम फुकट होता. भुसा लाकडाच्या वखारीतून आणायचा. पहिली दोन पोती वखारवाल्याने अशीच दिली, तिसऱ्यापासून भाव लावला. पावडर कंपनीने तीन महिने दिली, पुढची आम्ही घ्यायची होती. विजेचं बिल शाळेच्या नावावर होतं. पहिलं बिल आलं तेव्हा चिटणीस म्हणाले, "संस्थेच्या जमाखर्चात उष्टं ढवळण्याचं खातं नाही." म्हणून मी मधल्या सुट्टीत सगळ्या वर्गांचे पंखे बंद ठेवायचा नियम केला. मुलं घामाघूम होऊन परत बसायची. ड्रम मात्र चोवीस तास फिरायचा.

पण जो खर्च मी कागदावर धरलाच नव्हता, तो होता हातांचा. ते उष्टं गोळा करून, त्यातले प्लास्टिकचे तुकडे निवडून ड्रममध्ये टाकायचं कुणी? शिपाई म्हणाला, "बाई, अंगण झाडीन, मुतारी धुईन. पण दुसऱ्याच्या पोरांच्या तोंडातलं हातात घेणार नाही. घरी बायको पानावर बसू देणार नाही." मुलांच्या पाळ्या लावल्या तर तीन दिवसांत पालकांच्या चिठ्ठ्या आल्या. नीट पाहिलं तर ज्यांच्या आईवडिलांना लिहिता येत नव्हतं त्यांच्याच चिठ्ठ्या आल्या नव्हत्या. मी पाळ्या बंद केल्या. मलाही रागावून उपयोग नव्हता. मी स्वतः लहानपणापासून खरकट्याला हात लागला तर आंघोळ करणाऱ्या घरातली.

शेवटी मावशी म्हणाली, "मी टाकते." तिला जास्तीचे पैसे द्यायला कुठे तरतूद नव्हती. मी माझ्या पगारातून थोडे देऊ केले. ते तिने घेतले आणि विचारलं, "भिंती कवा व्हतील?"

पहिल्या हप्त्यात पाया आणि कमरेइतक्या भिंती झाल्या आणि काम थांबलं. माझ्या टेबलासमोरच खिडकी होती. मान वर केली की त्या चार अर्धवट खोल्या दिसायच्या, दारांच्या जागी मोकळ्या फटी. मुलं त्यांवर चढून उड्या मारायची. मी कंपनीच्या साहेबांना फोन केला, वजनाची अडचण सांगितली. ते अगदी गोड बोलले. "मॅडम, वजन तेवढं येऊ द्या. बाकी आमच्याकडून काहीच प्रॉब्लेम नाही."

त्या संध्याकाळी मी मावशीला म्हटलं, "वजन भरलं पाहिजे हो. नाहीतर या भिंती अशाच राहतील." ती पदराने हात पुसत भिंतींकडे बघत राहिली.

पुढच्या सोमवारपासून वजन भरायला लागलं. वीस, एकवीस, कधी बावीस. मला हायसं वाटलं. थंडी पडली होती. मी मनाशी ठरवून टाकलं की बाजारात मटार आला आहे, शेंगांची टरफलं वाढली असतील. माणसाला जे हवं असतं त्याचं कारण लगेच सापडतं. अहवाल गेला, दुसरा हप्ता आला, भिंती डोक्याच्या वर गेल्या.

शाळेत मुलांना वाढण्याआधी खिचडीची चव घेऊन वहीत सही करायची पद्धत होती. एका दिवशी मला बैठकीला जायचं होतं म्हणून मी रोजच्यापेक्षा अर्धा तास आधी चव घ्यायला गेले. स्वयंपाकाची खोली रिकामी होती. चुलीवर एक टोप होता. दुसरा टोप मागच्या दाराने मावशी आणि तिच्या हाताखालची बाई उचलून नेत होत्या. मी मागे गेले. त्यांनी तो टोप ड्रममध्ये ओतला. खिचडीतून वाफ येत होती. फोडणीचा वास आला.

"मावशी, हे काय?"

ती दचकली नाही. टोप खाली ठेवून म्हणाली, "तुमीच बोल्लात ना, वजन भराया पायजे."

"हे अन्न आहे! मुलांच्या तोंडचं!"

"कुनाच्या तोंडचं नाय. रोज पन्नास पोरं गैरहजर असतात. मी पटावर हायत तेवढ्यांचं शिजवते. सगल्यांना वाढून उरतंच."

"मग उरल्यावर टाक."

"उरल्यावर पोरं दुसऱ्यांदा मागतात, बाई. मग कसं उरंल?" मग ती हळू आवाजात म्हणाली, "माजी पोरगी जूनमधी या शालेतून जाईल. त्याच्या आत मला ती दारं लागलेली बगायची हायत."

मी काय केलं ते लिहिते. मी स्वयंपाकखोलीत परत गेले, पहिल्या टोपातली खिचडी चमचाभर घेतली, वहीत "चव चांगली" लिहिलं, सही केली आणि बैठकीला गेले. संध्याकाळी ड्रमच्या वहीत एकवीस किलो लिहिलं. तुम्हांला ताटात एक शीतसुद्धा टाकू न देणारी तुमची आजी. त्यानंतर पाच आठवडे मी रोज अशा दोन सह्या करत होते. तक्रार केली असती तर मावशीचं काम गेलं असतं, तांदळाची चौकशी झाली असती, कंपनीने हात काढला असता. गप्प बसले तर गरम अन्न ड्रममध्ये. मी खिडकीतून दिसणाऱ्या भिंतींकडे पाठ होईल अशी खुर्ची फिरवून घेतली. मग दारातून ड्रम दिसायला लागला.

पाच आठवड्यांनी एका दुपारी मी व्हरांड्यातून जात होते. तिसरीतली एक मुलगी रिकामी ताटली घेऊन मावशीपुढे उभी होती. मावशी म्हणाली, "संपलं गं." मुलगी ताटली चाटत परत फिरली. मी आत गेले, मागच्या दाराशी ठेवलेल्या टोपावरचं झाकण काढलं, तिला हाक मारली आणि स्वतः वाढलं. तिच्यामागे बघता बघता बारा-पंधरा मुलं उभी राहिली. टोप रिकामा झाला. मावशी भिंतीला टेकून बघत होती.

"आता वजन?" तिने विचारलं.

"ते माझ्यावर सोड."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी दोन पोती घेऊन भाजीबाजारात गेले. फ्लॉवरचा पाला, मुळ्याची पानं, कोथिंबिरीच्या काड्या, मटाराची टरफलं. मला कितीतरी वर्षं ओळखणारी भाजीवाली मोठ्याने म्हणाली, "बाई, रिटायर व्हायच्या आधीच बकरी पाळलीत काय?"

"ड्रम पाळलाय," मी म्हटलं.

"दूध किती देतो?"

आसपासच्या सगळ्याजणी हसल्या. मीही हसले. पण खरी बकरी पाळणारे एक चाचा रोज तिथे यायचे आणि पाल्यावर त्यांचा हक्क जुना होता. दोन दिवस त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी जवळ आले. "बाई, आप टीचर हैं, मैं झगड़ा नहीं करूँगा. ऐसा करो, पत्ते मेरे, डंठल आपके." दांडे जड असतात, वजन चांगलं भरतं. मला तो सौदा फायद्याचा वाटला. पण रिक्षावाले ओली पोती घ्यायला तयार नसत. मी सीटवर अंथरायला प्लास्टिक नेऊ लागले आणि वर दहा रुपये जास्त देऊ लागले. शाळेत पोचल्यावर मावशी आणि मी विळीवर ते दांडे चिरायचो. माझ्या बोटांना फ्लॉवरचा वास कायमचा बसला. वर्गात फळ्याकडे हात उचलला की मलाच तो यायचा.

तेव्हा तुमच्या आईचे दर रविवारी फोन यायचे. धाकट्या, तू मे महिन्यात येणार होतास. तिने माझं तिकीट काढून ठेवलं होतं. मी व्हिसा घेतला, लोकरीचे दोन स्वेटर विणले, मेतकूट दळून आणलं. आणि एप्रिलमध्ये करारनामा पुन्हा काढून वाचला. "सलग बारा महिने." सुट्टीचा अपवाद नव्हता. हे वाक्य मी सही करतानाही वाचलं होतं, आणि तेव्हा म्हटलं होतं, सुट्टीत कुणीतरी बघेल.

साहेबांना फोन केला. "मॅडम, मे महिन्यात बंद पडला तर सलग कसं म्हणणार? वर ऑडिट असतं." चिटणिसांना विचारलं. ते म्हणाले, "तुमच्या सहीचा करार आहे, बाई. दुसऱ्याची सही कशी चालेल?" मावशी म्हणाली, "तुमी जावा. मी रोज पाला टाकीन." ती टाकेल हे मला ठाऊक होतं. वीस किलो भरला नाही तर ती काय टाकेल, हेही ठाऊक होतं. स्वतःच्या घरचा तांदूळ आणून टाकायलाही तिने कमी केलं नसतं.

मी तुमच्या आईला खरं सांगितलं. ती म्हणाली, "आई, एका कचऱ्याच्या पिंपासाठी?"

"पिंपासाठी नाही गं."

"मग कशासाठी? त्या मुली तुझ्या कोण लागतात?"

तिने तिकीट रद्द केलं आणि सासरी सांगितलं की आईची पाठ धरली आहे. ती एवढं खोटं बोलली तेसुद्धा माझी अब्रू राखण्यासाठी.

तो मे महिना मी रिकाम्या शाळेत काढला. सकाळी बाजार, मग दांडे चिरणं, मग ड्रम, मग सही. उन्हाने पत्रे तापायचे, ड्रमला वास सुटायचा, शेजारचे लोक खिडकीतून ओरडायचे, "बाई, झाकण लावा हो!" तू जन्मलास तो फोन मला ड्रमपाशी आला. हात भरलेले होते, म्हणून मावशीने फोन माझ्या कानाला धरला. मुलगा झाला म्हटल्यावर तिने त्याच हाताने माझ्या पाठीवर थोपटलं. माझ्या पांढऱ्या ब्लाउजवर हिरवा डाग पडला.

जूनमध्ये मावशीच्या मुलीला सातवी पास झाल्याचा दाखला मी स्वतः सही करून दिला. ती आठवीला दुसऱ्या शाळेत गेली. तेव्हा छप्पर झालं होतं, दारं लागायची होती.

नोव्हेंबरात वर्ष पूर्ण झालं. दारं लागली, नळ आले. साहेब आले, त्यांनी फीत कापली, मला ढाल दिली आणि फोटो काढला. मोठे, तुला हवा आहे तो हाच. त्यात डाव्या कडेला एक हिरवा पदर दिसतो, तो मावशीचा. फोटोवाल्याने तिला जरा बाजूला व्हायला सांगितलं होतं.

सगळे चहा प्यायला गेल्यावर ती एकेका दाराच्या आत गेली आणि चारही नळ सोडून पाहिले. बाहेर येऊन म्हणाली, "पानी येतंय." मी म्हटलं, "तुझ्या मुलीचं थोडक्यात हुकलं." ती म्हणाली, "कुनाच्या तरी पोरीला गावलं नाय का," आणि टोप घासायला गेली. तिच्या आवाजात समाधान होतं की थकवा, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही.

मोठे, तुझ्या बाईंना सांग की ड्रम फुकट मिळाला तरी उष्टं कोण उचलणार आणि सुट्टीत काय करणार, हे आधी विचारा. आणि मोजायचं असेल तर सणावाराला मोजू नका. तुझ्या कामाचं एवढंच.

दुसऱ्या वर्षी ड्रम बंद झाला. दोन वर्षं तो तसाच पडून होता, मग संस्थेने भंगारात काढला. वर्षभरात निघालेलं खत कुंपणाच्या जास्वंदीला घातलं होतं, ती जास्वंद रस्ता रुंद करताना गेली. मी निवृत्त झाले. मावशी अजून खिचडी रांधते, पण आता ती तिच्या सुनेला हाताशी घेते. परवा भाजी आणायला गेले होते, तेव्हा मुद्दाम शाळेवरून आले. शौचालय आहे. चारपैकी तीन दारांना आतून कडी लागते, आणि नळांना पाणी आहे.